न पडलेल्या गारांचा हिशेब

वऱ्हाड-नागपूरकडच्या जुन्या गावगाड्यात गारपगारी नावाचा एक हक्कदार असे. शेतावर चालून येणारी गारपीट मंत्रबळाने परतवून लावणे हे त्याचे काम, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून सुगीच्या दिवसांत शेतकरी त्याला धान्य घालीत. आभाळ तांबूस-काळे होऊन आले, की हा माणूस मारुतीपुढे उभा राहून ढग पांगविण्याची विनवणी करी. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांतातील जातिजमातींची माहिती ग्रंथरूपाने संकलित करणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांनी या प्रथेची नोंद करून ठेवली आहे. ही प्रथा भाबडी होती असे म्हणून तिला हसणे सोपे आहे. परंतु तिच्या पोटात जो प्रश्न होता, तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखादे वर्ष गारांवाचून गेले, तर ते गारपगाऱ्याच्या सामर्थ्यामुळे गेले, की त्या वर्षी गारा मुळी पडणारच नव्हत्या? जे घडले नाही, त्याचा पुरावा कोणी आणि कोठून आणावयाचा?

पुढे मंत्राच्या जागी तोफ आली, तोफेच्या जागी विमान आले, विमानाच्या दिमतीला रडार आले. पण हा प्रश्न आपल्या जागेवरून फारसा हलला नाही. गारपीट रोखण्याच्या आधुनिक प्रयत्नांचा इतिहास म्हणजे बव्हंशी याच प्रश्नाशी केलेल्या झटापटीचा इतिहास आहे.

तोफेची कथा ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतातील. तेथील विंडिश-फाइस्ट्रिट्झ या गावचा नगराध्यक्ष अल्बर्ट स्टिगर हा द्राक्षमळ्यांचा मालक. वर्षानुवर्षे गारांनी मळे झोडपून निघत होते. १८९६ साली त्याने आभाळाकडे तोंड केलेल्या, कर्ण्यासारख्या आकाराच्या तोफा मळ्यांभोवती उभ्या केल्या आणि ढग दिसताच बार काढण्यास सुरुवात केली. योगायोग असा, की ते वर्ष आणि त्यापुढचेही वर्ष त्या भागात गारांवाचून गेले. मग काय विचारता! दोनचार वर्षांत उत्तर इटलीच्या द्राक्षमळ्यांतून अशा हजारो तोफा धडधडू लागल्या. त्यांच्या स्फोटांत माणसेही दगावली. तरी तोफांवरची श्रद्धा ढळली नाही. अखेर १९०२ साली ग्राट्झ येथे भरलेल्या परिषदेनंतर सरकारी देखरेखीखाली रीतसर परीक्षा घ्यावयाचे ठरले. एक क्षेत्र स्टिगरच्याच गावचे, दुसरे इटलीतील कास्तेलफ्रांको व्हेनेतो येथले. दोन्ही ठिकाणी तोफा नेमाने उडाल्या, आणि दोन्ही ठिकाणी गाराही यथास्थित पडल्या. १९०४ पर्यंत तोफांचा निकाल लागला. त्यातून मिळालेला धडा मात्र कायमचा आहे. संकटाची काही वर्षे ओळीने आली, की माणूस उपाय शोधतो. आणि वाईट वर्षांच्या मागून साधारण वर्षे येणे हा निसर्गाचाच क्रम असल्यामुळे, त्या वेळी जो उपाय हाताशी असेल त्याला यश आपोआप मिळून जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या विषयाला शास्त्राचे अधिष्ठान लाभले. १९४६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर याने विमानातून ढगावर कोरड्या बर्फाचा चुरा टाकून त्यातून हिमकण निर्माण करून दाखविले. त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेतील बर्नार्ड व्हॉनेगट याला असे आढळले, की सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशी इतकी मिळतीजुळती आहे, की ढगातील पाणी त्याच्याभोवती सहज गोठते. या दोन शोधांमुळे ढगांत बीजे पेरण्याची कल्पना प्रत्यक्षात आली.

गारेच्या बाबतीत या पेरणीमागचा तर्क मोठा चतुर आहे. मेघगर्जनेच्या उंच ढगात शून्य अंशाच्या खाली कितीतरी थंड झालेले, तरीही न गोठलेले पाणी असते. त्याला अतिशीत पाणी म्हणतात. जमिनीकडून वर उसळणाऱ्या हवेच्या प्रवाहावर तरंगत असलेला एखादा बर्फकण हे पाणी अंगावर घेत घेत फुगतो, आणि प्रवाहाला त्याचा भार पेलेनासा झाला म्हणजे तो गार होऊन खाली येतो. ढगात असे गर्भकण थोडे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाणी पुष्कळ येते आणि गारा लिंबाएवढ्या होतात. म्हणून ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडून गर्भकणांची संख्या वाढवावी, म्हणजे त्याच पाण्याला वाटेकरी अनेक होतील, गारा लहान राहतील आणि खाली येताना वाटेतच वितळून त्यांचा पाऊस होईल, असा हा विचार आहे. एका भाकरीला दहा खाणारे बसविले, की कोणाचेच पोट सुटत नाही, हा त्यातला व्यवहार.

हा विचार शेतीच्या रक्षणासाठी दीर्घकाळ राबविला गेला, तो अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट गवताळ प्रदेशात. त्यांतील पश्चिम कॅन्ससचा कार्यक्रम विशेष अभ्यसनीय आहे. हा भाग उंचावरचा, कोरडा आणि वाऱ्याचा. गहू, मका आणि ज्वारी ही तेथली पिके. महाराष्ट्राच्या घराघरांत जिची भाकरी होते, त्या ज्वारीचे अमेरिकेतील सर्वांत मोठे उत्पादन याच कॅन्सस राज्यात होते. फरक एवढाच, की तेथे ती मुख्यतः गुरांच्या तोंडी जाते. पिकांना पाणी द्यावयाचे ते ओगलाला नावाच्या विशाल भूगर्भजलसाठ्यातून, आणि उपसा भरणीपेक्षा अधिक असल्यामुळे हा साठा उतरत चाललेला. म्हणूनच येथील ढगपेरणीचा कार्यक्रम १९७५ साली हाती घेतला, तो हवामानखात्याने नव्हे, तर भूजलाची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक जिल्हासंस्थेने. उद्दिष्टे दोन होती : पाऊस वाढविणे आणि गारांचे नुकसान कमी करणे. सुमारे चार दशके हा कार्यक्रम चालला. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत रडारवर बसलेला हवामानतज्ज्ञ ढगांवर नजर ठेवी. एखादा ढग गारांचा आहे असे दिसताच लहान विमाने आकाशात जात, आणि ढगाच्या तळाशी, जेथून हवा वर ओढली जाते नेमके तेथे, सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडीत.

विमान उडाले, धूर सुटला, ढग निघून गेला. येथपर्यंतचे सारे डोळ्यांना दिसते. आता शेतकऱ्याच्या करातून ज्याचा खर्च भागतो, त्या कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हे कसे ठरवावयाचे? खरे कठीण काम येथून सुरू होते.

पाऊस मोजणे त्या मानाने सोपे. तो विस्तृत भागावर पडतो; गावोगावी पर्जन्यमापक ठेवले, की अदमास लागतो. गारेचा स्वभाव निराळा. ती पट्ट्याने येते. पट्टा मैल-दोन मैल रुंद आणि पाचसहा मैल लांब असावा, आणि त्याच्या बाहेर एक गारही पडू नये, असे नेहमी घडते. एका शेताची माती व्हावी आणि बांधापलीकडचे शेत डोलत राहावे, हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही. असे पट्टे पकडण्यासाठी मोजणीची ठिकाणे फार दाट हवीत. त्यासाठी एक स्वस्त साधन निघाले आहे. थर्माकोलसारख्या पदार्थाची फूटभर चौरस फळी घ्यावयाची, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख चढवावयाचा आणि ती शेतात खांबावर आडवी ठेवावयाची. गार पडली की खळगा उठतो. ठराविक उंचीवरून पोलादी गोळ्या टाकून आधी खळग्यांचे प्रमाण ठरवून ठेवलेले असते. त्यावरून गारेचा आकार आणि आघात यांचा हिशेब करता येतो. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात १९५६ पासून १९८५ पर्यंत चाललेल्या गारपीट-संशोधनात शेतकऱ्यांनीच कार्डे भरून कळविले, की गार कोठे पडली, केव्हा पडली, वाटाण्याएवढी होती की अक्रोडाएवढी. पण हजारो चौरस मैलांच्या प्रदेशात अशा फळ्या वर्षानुवर्षे बदलत राहणे खर्चाचे असते. शिवाय फळीला गार कळते, पीक कळत नाही. शेतकऱ्याला तर पिकाशी कर्तव्य.

अशा वेळी संशोधकांची दृष्टी एका अनपेक्षित दप्तराकडे वळली. ते दप्तर विमा कंपन्यांचे. अमेरिकेत गारपिटीपासून पिकाचा विमा उतरविण्याची चाल जुनी आहे. कोणत्या काउंटीत, म्हणजे तेथल्या जिल्ह्यात, किती रकमेचा विमा उतरला आणि किती भरपाई द्यावी लागली, याच्या नोंदी दशकानुदशके साठलेल्या होत्या. भरपाईचे डॉलर नुसते मोजून भागत नाही, कारण विमा उतरविणारे वाढले की भरपाईही वाढते. म्हणून प्रमाण काढतात : विमा उतरविलेल्या दर शंभर डॉलरांमागे भरपाई किती? समजा, एखाद्या काउंटीत दोन लाखांचा विमा होता आणि सहा हजारांची भरपाई झाली, तर तेथील हानिप्रमाण तीन. हा साधा त्रैराशिकाचा आकडा हाच गारपिटीच्या अभ्यासातील एक मुख्य मापदंड ठरला. इलिनॉय राज्यातील हवामानतज्ज्ञ स्टॅन्ली चांग्नन याने गारा, पीक आणि विमा यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घातली.

या आकड्याच्या मुळाशी शेताच्या बांधावर उभा असलेला एक माणूस असतो : विमा कंपनीचा पाहणी करणारा तपासनीस. त्याचे काम दिसते तितके सरळ नाही. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी शेत पाहिले, तर सर्वनाश झाल्यासारखे वाटते. म्हणून जाणता तपासनीस सात ते दहा दिवस थांबतो. जे रोप मरावयाचे ते तोपर्यंत मरते, जे फुटावयाचे ते फुटते. मग तो शेताच्या निरनिराळ्या भागांत ठराविक लांबीची ओळ मोजून घेतो, जगलेली रोपे मोजतो, पानांचा किती भाग गेला ते अजमावतो, खोडावरचे घाव चाचपून पाहतो. गव्हात किती फुटवे मोडले आणि किती ओंब्या झडल्या हे पाहतो. पुढे वाढीची अवस्था पाहून कोष्टकावरून उत्पन्नातील घट काढतो. ही अवस्था फार महत्त्वाची. मक्याला सातवे पान आले असताना गारांनी सगळी पाने फाडून नेली, तरी रोप जिवंत असेल तर उत्पन्नात येणारी घट दहा टक्क्यांच्या आत राहते, कारण वाढ अजून पुष्कळ व्हावयाची असते. तोच मका तुऱ्यावर असताना सगळी पाने गेली, तर उत्पन्न संपलेच म्हणावयाचे. गारा त्याच, आघात तोच. पण एका आठवड्यात किरकोळ ठरणारे संकट दुसऱ्या आठवड्यात सर्वस्व हिरावून नेते.

आता या दप्तरातून निष्कर्ष कसा काढावयाचा? त्याची रीत अशी. ज्या काउंटींवर पेरणी झाली ते लक्ष्यक्षेत्र. जवळच्या, हवामानाने सारख्या, पण पेरणी न झालेल्या काउंटी हे तुलनाक्षेत्र. पेरणी सुरू होण्यापूर्वीच्या अनेक वर्षांत या दोन क्षेत्रांतील हानीचे परस्परप्रमाण काय होते, ते आधी पाहावयाचे. समजा, लक्ष्यक्षेत्राची हानी तुलनाक्षेत्राच्या दुप्पट असे. पेरणीच्या वर्षांत ती दीडपटीवर आली, तर अपेक्षेपेक्षा चतुर्थांश हानी कमी झाली असे म्हणता येते. वर्ष मुळातच गारांचे असो वा नसो, तुलनाक्षेत्र त्याची साक्ष देते. पश्चिम कॅन्ससच्या १९७९ ते १९९३ या वर्षांचा असा हिशेब १९९९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गारांमुळे होणारी पीकहानी सुमारे २७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पाऊस वाढल्याचा भरवशाचा पुरावा मात्र मिळाला नाही. उत्तर डाकोटाच्या पश्चिम भागात १९७६ साली असाच कार्यक्रम सुरू झाला होता. तेथे शेजारच्या मोंटाना राज्याचा पूर्वभाग तुलनेसाठी घेतला. वादळे सामान्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, त्यामुळे डाकोटात सोडलेला धूर मोंटानावर जाण्याची भीती कमी. या अभ्यासाचा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पीकहानी सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळली.

हे आकडे ऐकून शेतकऱ्याने हरखून जावे हे स्वाभाविक आहे. परंतु येथेच थांबणे शास्त्राच्या शिस्तीला मानवत नाही. विम्याचे दप्तर हवामानाची साक्ष देण्यासाठी लिहिलेले नसते. ते पैशांच्या देवघेवीचे दप्तर असते. विमा कोण उतरवितो? ज्याला भीती अधिक, तो. विमाने आभाळात दिसू लागली म्हणून काहींनी विमा घेणे सोडले, तर उरलेले विमेदार पूर्वीच्या विमेदारांसारखे राहत नाहीत. पिकाचा वाण बदलतो, पेरणीची तारीख बदलते, विम्याच्या अटी बदलतात. शिवाय कार्यक्रम कोठे सुरू होतो? जेथे गारांनी अलीकडे कहर केला असेल तेथे. म्हणजे स्टिगरच्या तोफांना जे आयते यश लाभले, तेच येथेही लपून बसलेले नाही ना, हे पाहणे भाग पडते. लांबलचक काळाच्या नोंदी आणि तुलनाक्षेत्र यांमुळे हा दोष बराच कमी होतो, पण निखालस जात नाही.

तो घालविण्याची खरी रीत म्हणजे छापाकाटा. गारांचा दिवस उगवला, की पेरणी करावयाची की नाही हे माणसाने ठरवू नये, नाण्याने ठरवावे. आणि मग पेरलेल्या व न पेरलेल्या दिवसांची तुलना करावी. ईशान्य कोलोराडोत १९७२ ते १९७४ या तीन मोसमांत अमेरिकेच्या राष्ट्रीय गारपीट-संशोधन प्रयोगाने हे केले. पाच वर्षे चालवावयाची ही पेरणी तिसऱ्या वर्षीच थांबविण्यात आली. पेरणीमुळे गारा कमी झाल्याचे दिसले नाही. आणि निसर्गाची चढउतार एवढी मोठी होती, की निश्चित असे काहीच सांगता येईना. तिकडे सोव्हिएत संघराज्यात काकेशसच्या पायथ्याशी ढगांच्या पोटात अग्निबाण व तोफगोळे सोडून हानी फार मोठ्या प्रमाणात टाळल्याचे दावे केले जात होते. ते पडताळण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ अशी पाच वर्षे फ्रान्स व इटली यांच्या सहकार्याने एक मोठा प्रयोग झाला. सोव्हिएत पद्धत, सोव्हिएत अग्निबाण, जमिनीवर गारा नोंदणाऱ्या फळ्यांचे दाट जाळे, वर रडार, आणि यशापयशाची कसोटी प्रयोगाआधीच लिहून ठेवलेली. पेरलेल्या आणि न पेरलेल्या ढगांत लक्षणीय असा फरक निघाला नाही.

एकीकडे विम्याच्या दप्तरातील २७ आणि ४५ टक्के, दुसरीकडे नाण्याचा कौल शून्य. मग खरे काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली साऱ्या पुराव्याचा आढावा घेऊन असा अभिप्राय दिला, की हवामानात हेतुपुरस्सर बदल घडवून आणण्याच्या प्रयत्नांना यश येते, याचा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अद्याप मिळालेला नाही. या अभिप्रायाचा अर्थ नीट लावला पाहिजे. पेरणी निरुपयोगी आहे असे सिद्ध झाले, असा त्याचा अर्थ नव्हे. पुरावा अपुरा असणे आणि पुरावा विरुद्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाण्याच्या प्रयोगांना थोडीच वर्षे मिळाली आणि थोडीच वादळे मिळाली; गारेसारख्या लहरी गोष्टीत एवढ्याने मध्यम प्रमाणाचा फरक दिसून येत नाही. उलट विम्याच्या दप्तराला वर्षे पुष्कळ मिळाली, पण नाणे मिळाले नाही. एकाजवळ शिस्त होती, दुसऱ्याजवळ मुदत होती. दोन्ही एके ठिकाणी नांदल्याचे उदाहरण विरळाच.

शेतकऱ्याला मात्र शास्त्रज्ञांचा वाद संपेपर्यंत थांबता येत नाही. त्याला याच मोसमात ठरवावे लागते, की एकरामागे थोडे पैसे भरून विमान बोलवावे की नाही. पेरणीचा एकरी खर्च पिकाच्या किमतीच्या मानाने अल्प असल्यामुळे, थोडासाही लाभ संभवत असेल तर कित्येकांना हा सौदा वावगा वाटत नाही. परंतु त्याच गावात दुसरा शेतकरी असतो. त्याच्या रानावर त्या वर्षी पाऊस पडलेला नसतो, आणि विमानाने आपला ढग पळविला असे त्याला मनापासून वाटते. त्याची समजूत घालावयाची तरी कशाच्या बळावर? ज्याला लाभ झाला त्याच्याजवळ जसा पुरावा नाही, तसाच ज्याला तोटा झाला असे वाटते त्याच्याजवळही नाही. मोजमापाच्या अभावी विज्ञानाचा प्रश्न भाऊबंदकीचा प्रश्न होतो, आणि तो मग शास्त्राच्या निकषावर न सुटता मतांच्या मोजणीने सुटतो. विमा कंपन्या तर हिशेबाला पक्क्या. तरी १९९१ च्या सप्टेंबरात कॅलगरी शहरावर झालेल्या प्रचंड गारपिटीनंतर त्यांनीही १९९६ साली आल्बर्टात स्वतःच्या खर्चाने ढगपेरणी सुरू केली. निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावे लागतात. पण निर्णय घेतला म्हणून माहिती पुरी झाली, असे मात्र होत नाही.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्र या भागांत गारांनी जो उत्पात केला, तो विसरण्यासारखा नाही. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि रब्बी ज्वारी आडवी झाली. द्राक्षांचे घड, डाळिंबे आणि संत्री यांची नासाडी झाली. अशा वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषिसहायक बांधावर जाऊन पंचनामे करतात. कॅन्ससच्या तपासनिसाचेच हे काम. पण हेतू निराळा. पंचनामा मदत वाटण्यासाठी होतो. २०१५ पासून सरकारी मदतीसाठी निदान ३३ टक्के नुकसानीची अट आहे. त्यापूर्वी ती ५० टक्क्यांची होती. म्हणजे ज्याचे वीस टक्के गेले, तो नोंदीबाहेर राहण्याचा संभव. आणि ज्याचे तीस टक्के गेले, त्याच्या बाबतीत तीन टक्क्यांसाठी माणुसकी आणि नियम यांची ओढाताण. शिवाय ज्या गावात गारा पडल्या नाहीत, तेथे पंचनामाच होत नाही. वस्तुतः तुलनेसाठी न पडल्याची नोंदही पडल्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मूळ आराखड्यात गारपिटीला स्थानिक आपत्ती मानून ४८ तासांत सूचना देण्याचा नियम होता. अशा सूचनांतून दिवस, वेळ, गट क्रमांक, पिकाची अवस्था यांचा केवढा साठा होऊ शकतो! पण भरपाईचा तंटा मिटला, की कागद बासनात जातो.

धीराने प्रयोग करणे या मातीला जमत नाही, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात ढगांवर मिठाची पेरणी करून पाहिली. ती गारांसाठी नव्हती, पावसासाठी होती. तरी त्या प्रयोगाची शिस्त येथे सांगण्यासारखी आहे. दोन क्षेत्रे आखली होती, मध्ये अंतर सोडले होते, आणि कोणत्या दिवशी कोणत्या क्षेत्रावर पेरणी करावयाची हे यदृच्छेवर सोपविले होते. अकरा वर्षांच्या शेवटी २४ टक्के अधिक पावसाचा आकडा निघाला. त्या आकड्याला जगात मान मिळाला, तो आकडा मोठा होता म्हणून नव्हे. तो मिळविताना स्वतःला फसविण्याच्या वाटा बंद केल्या होत्या म्हणून.

उलट उदाहरण हिमाचल प्रदेशातील. तेथे सफरचंदांच्या बागांसाठी २०१० च्या सुमारास आवाज करणाऱ्या गारा-विरोधी तोफा आणल्या गेल्या. स्टिगरच्या तोफेचेच हे सुधारलेले रूप. अशा तोफांना शास्त्राचा आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. बागेवर पसरलेली साधी जाळी मात्र गार अडविते, आणि तिने अडविलेली गार डोळ्यांना दिसते. तिचा हिशेब मांडण्यास नाणे लागत नाही.

गारपिटीच्या मोसमात यापुढेही कोणी ना कोणी उपाय घेऊन शेतकऱ्याच्या दारी येईल. त्याच्या यंत्राची किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा लागेल : या गावात गेल्या तीस वर्षांत गारा केव्हा, कोठे आणि किती पडल्या? याचे उत्तर ना विकणाऱ्याजवळ असते, ना घेणाऱ्याजवळ. ते तयार करण्यास विमान लागत नाही, अग्निबाण लागत नाही. शाळेच्या छपरावर एक वर्खाची फळी, चावडीत एक वही, आणि गार पडली तरी व न पडली तरी त्या वहीत नेमाने लिहिणारा एक माणूस, एवढे पुरते. ही वही आज सुरू केली, तर तिचा उपयोग आजच्या शेतकऱ्याला होणार नाही; त्याच्या मुलाला होईल. आंबा लावणाराही फळ आपल्याच हाताने उतरविण्याचा हिशेब करीत नाही.